रास पाहायचा तर पौर्णिमेच्या आधीचा शनिवार धरा

सांगलीच्या एका चित्रकला शिक्षिकेने आसामातील माजुली बेटावर कार्तिक पौर्णिमेला होणाऱ्या रासाविषयी, म्हणजे कृष्णलीलेच्या नाट्यप्रयोगांविषयी, विचारले आहे. त्या स्वतः, त्यांची अकरा व सात वर्षांची दोन मुले आणि शाळेतील दोन सहकारी असा पाच जणांचा गट २०२६ साली निघणार आहे. मुक्काम जोरहाट शहरात ठेवून शनिवार-रविवारी बेटावर ये-जा करावी, तेथे दोन तासांची मुखवटा कार्यशाळा करावी आणि ‘सर्वांत चांगला’ रास असेल तो एक पाहून परतावे, असा त्यांचा बेत आहे. मी नेपथ्य आणि मुखवटे यांचे काम करते, गेली चौदा वर्षे बहुतेक कार्तिकांत माजुलीला असते आणि अधूनमधून नाटकवाल्यांचे व शिक्षकांचे लहान गट सोबत नेते. त्या अनुभवावरून सरळ सांगायचे, तर या बेतातील जागा बरोबर आहे आणि ऋतूही बरोबर आहे. मुक्काम, वार आणि दोन तास हे तिन्ही चुकले आहेत.

आधी मुक्काम. माजुली म्हणजे दक्षिणेला ब्रह्मपुत्रेचा मुख्य प्रवाह आणि उत्तरेला खेरकुटिया सुती व सुबनसिरी यांच्यामधली सखल जमीन. २०१६ साली तिला जिल्ह्याचा दर्जा मिळाला. नदीतील बेटाचाच संपूर्ण जिल्हा होण्याची देशातली ती पहिली वेळ. जोरहाटपासून चौदा-पंधरा किलोमीटरवर निमाती घाट आहे. तेथून कमलाबाडी घाटाला जाणारी फेरीबोट साधारण तासाभरात पोचवते आणि परतताना प्रवाहाविरुद्ध यावे लागत असल्याने अधिक वेळ घेते. देशाच्या त्या पूर्वेकडच्या टोकाला नोव्हेंबरात सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो आणि शेवटच्या फेऱ्या त्याच्या आगेमागेच सुटतात. रासाचा पडदा मात्र रात्री उघडतो, आणि एकदा उघडला की मध्यरात्र उलटून गेल्यावरही मिटत नाही. जोरहाटला राहून रास पाहणे म्हणजे दिवसा जाऊन रिकामे मंडप, दुमडून ठेवलेल्या खुर्च्या आणि झोपलेले कलाकार पाहून येणे होय. माझ्या पहिल्या वर्षी एका प्रवासी संस्थेने नेमका हाच कार्यक्रम आखून दिला होता. शिवाय संध्याकाळी पाचची बोट मिळेल असे खात्रीने सांगितले होते. ती बोट नव्हतीच. आम्ही आठ जण काळोखात घाटावर उभे राहिलो, एका चहावाल्याने त्याच्या मेहुण्याच्या घरी सोय केली, आणि त्या घरातील मंडळी जेवणे उरकून रास पाहायला निघाली तेव्हा आम्हीही त्यांच्या मागे चालू लागलो. त्या रात्री जे दिसले ते कार्यक्रमपत्रिकेत कोठेच नव्हते. तेव्हापासून मी जोरहाटला फक्त उतरते, राहत नाही.

तेव्हा किमान तीन रात्री बेटावर राहा. गडमूर आणि कमलाबाडी या दोन गावांच्या आसपास बांबूच्या झोपड्यांपासून साध्या लॉजपर्यंत सोयी आहेत, काही सत्रांची, म्हणजे तेथील वैष्णव मठांची, स्वतःची अतिथिगृहेही आहेत. मात्र पौर्णिमेच्या आठवड्यात सगळे भरलेले असते, त्यामुळे दसऱ्यापूर्वीच जागा धरावी. आसामात जाण्यासाठी कोणताही परवाना लागत नाही. सांगलीहून हा प्रवास शुक्रवारी निघून रविवारी परतण्याचा नाही, हेही आताच लक्षात घ्यावे. मुंबई किंवा पुण्याहून विमानाने गुवाहाटी आणि तेथून सुमारे तीनशे किलोमीटर रेल्वेने अथवा बसने जोरहाट, यात जाताना एक आणि येताना एक असे दोन पूर्ण दिवस मोडतात. बोटीबद्दल एक सावधगिरी सांगते. ८ सप्टेंबर २०२१ रोजी निमाती घाटाजवळ दोन बोटींची टक्कर होऊन प्रवासी बोट बुडाली होती. तेव्हापासून एक इंजिनाच्या खासगी बोटींवर बंदी आली आणि जीवरक्षक जॅकेटांचा आग्रह वाढला, तरी सणाच्या गर्दीत मोटारसायकली, भाजीच्या पाट्या आणि माणसे यांची दाटी होतेच. मुलांसह सकाळच्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीने जावे, जॅकेट नुसते मांडीवर न ठेवता अंगात घालावे आणि बोट खच्चून भरलेली दिसली तर पुढच्या फेरीची वाट पाहावी. जोरहाट आणि माजुली यांना जोडणाऱ्या पुलाचे भूमिपूजन २०२१ साली झाले आहे. तरी आपण आपला बेत बोटीवरच आखावा.

आता वार. रास पंचांगाने येतो, शनिवार-रविवार पाहून येत नाही. २०२४ साली कार्तिक पौर्णिमा शुक्रवारी १५ नोव्हेंबरला आली आणि सुट्टीला जोडून रास मिळाल्याने बेटावर पाय ठेवायला जागा नव्हती. २०२५ साली ती बुधवारी ५ नोव्हेंबरला होती आणि २०२६ साली मंगळवारी २४ नोव्हेंबरला आहे. मुख्य प्रयोग पौर्णिमा आणि तिला लागून येणाऱ्या दोन-तीन रात्री होतात. म्हणजे आपल्याला मोकळा असलेला शनिवार-रविवार, २१ आणि २२ नोव्हेंबर, हा पौर्णिमेच्या आधी पडतो. आपण बहुधा निराश व्हाल; मी आपल्या जागी असते तर मुद्दाम हेच दोन दिवस निवडले असते. शनिवारी पोचून बुधवारी निघता आले तर आधीच्या तालमी आणि पौर्णिमेची रात्र असे दोन्ही पदरात पडेल. ते शक्य नसेल आणि दोहोंतून एकच निवडायचे असेल, तर चित्रकला शिकवणाऱ्या व्यक्तीने तालमींचे दिवस निवडावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

असमियात तालमीला ‘आखरा’ म्हणतात. आपण कुस्तीच्या जागेला आखाडा म्हणतो आणि तालीमही म्हणतो, नाटकाच्या सरावालाही तालीमच म्हणतो. त्यामुळे सांगलीकरांना या शब्दाचे नाते वेगळे समजावून सांगायला नको. रासाच्या आधी कित्येक आठवडे गावोगाव आखरा सुरू असतो. शेतात साळीचे भात पिवळे पडलेले असते, काही ठिकाणी कापणी लागलेली असते, आणि दिवसभर विळा धरलेली माणसे संध्याकाळी नामघरात म्हणजे प्रार्थनागृहात, शाळेच्या ओसरीवर किंवा अर्धवट उभ्या मंचावर जमतात. एका वर्षी एका शाळेच्या ओसरीवर मी बकासुराची तालीम पाहत बसले होते. बकासुराचे काम करणाऱ्या तरुणाने फक्त चोच घातली होती. पुरुषभर लांबीची ती चोच दोन्ही हातांनी आतून उघडत-मिटत तो येत होता आणि खाली त्याच्या पायांत रबरी चपला होत्या. ‘खोल’ हे मृदंगासारखे वाद्य वाजवणारा गृहस्थ दर वेळी एकाच जागी थांबून मान हलवीत होता, कारण चोच मिटण्याचा आणि थाप पडण्याचा क्षण जुळत नव्हता. सहा वेळा झाले. सातव्या वेळी त्या तरुणाने चपला काढून बाजूला ठेवल्या आणि थाप व चोच एकदम मिटली. कृष्णाचे काम करणारा मुलगा एवढा वेळ दिव्याभोवतीचे किडे मोजत बसला होता. पौर्णिमेच्या रात्री हाच प्रवेश रंगीत प्रकाशात आणि धुरात मी पुन्हा पाहिला. तो देखणा होता, पण मुखवटा शरीराला कसा शिकवतो हे त्या ओसरीवरच दिसले होते.

अशा तालमीला जाण्यासाठी कोणाची चिठ्ठी लागत नाही. ज्या घरी उतराल त्या घरातील किंवा शेजारच्या कोणीतरी रासात असतेच; त्यांना विचारावे, सोबत जावे, मागे बसावे आणि खोल-ताल सुरू असताना आपसात बोलू नये. परतीच्या वाहनाची व्यवस्था मात्र दिवसाउजेडीच ठरवावी, कारण अंधार पडल्यावर बेटावर रिक्षा मिळेलच असे नाही. रात्री दव पडते आणि गारठा असतो, म्हणून मुलांना कानटोपी लागेल.

आता मुखवट्यांविषयी, कारण आपल्या पत्रातील खरा प्रश्न हाच आहे असे मला वाटते. माजुलीचे मुखवटे, तेथील भाषेत ‘मुखा’, हे प्रामुख्याने सामागुरी सत्राचे काम. सत्र म्हणजे श्रीमंत शंकरदेव (१४४९–१५६८) आणि त्यांचे शिष्य माधवदेव यांच्या वैष्णव परंपरेतील मठ. मधोमध नामघर अथवा कीर्तनघर, त्याच्या पूर्वेला मणिकूट म्हणजे गाभारा आणि भोवती भक्तांच्या राहत्या ओळी, अशी सत्राची साधारण रचना असते. काही सत्रांतील भक्त आजन्म अविवाहित राहतात, काही सत्रे गृहस्थांची आहेत. सामागुरी हे गृहस्थांचे सत्र आहे आणि म्हणूनच येथे ही विद्या घराघरातून, बापाकडून मुलाकडे आणि पुतण्याकडे उतरत आली. या सत्रातील हेमचंद्र गोस्वामी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली आणि २०२४ साली माजुलीच्या मुखवट्यांना व तेथील पोथीचित्रांना भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे सामागुरीला येणाऱ्यांची संख्या वाढली आहे आणि अर्ध्या तासात मुखवटा घालून छायाचित्र काढण्याची एक वेगळीच रीत पडली आहे. तिच्यात वाईट काही नाही, पण आपण तेवढ्यासाठी इतक्या लांब जात नाही आहात.

मुखवटा दोन तासांत होत नाही, याला कारण माणूस नसून माती आहे. ‘जाती’ नावाच्या बांबूच्या कामट्या काढून त्या पाण्यात भिजवतात आणि त्यांचा षटकोनी विणीचा सांगाडा विणतात. आपल्याकडच्या बुरुडाच्या हातात हीच वीण टोपलीत दिसते. मग सुती कापडाचे तुकडे कुंभारमातीच्या पातळ राडीत बुडवून त्या सांगाड्यावर एकावर एक बसवतात. ते वाळले, की शेण आणि माती एकत्र मळून त्यातून नाक, भुवया, गालांची हाडे, ओठ उठवतात. पुन्हा कापड, पुन्हा वाळवण, आणि ओल पुरती गेली नसतानाच बांबूच्या पातीने घोटून पृष्ठभाग गुळगुळीत करतात. कोकणात ज्याने कुडाची भिंत पाहिली आहे त्याला हे तंत्र नवे वाटणार नाही. कामट्यांचा कूड, वर शेणामातीचे लिंपण. फरक एवढाच, की ही भिंत माणसाच्या चेहऱ्यावर बसते आणि म्हणून ती हलकी असावी लागते. प्रत्येक थराला वाळायला वेळ द्यावाच लागतो. उन्हात घाईने वाळवला तर नाकाच्या मुळाशी पहिली भेग जाते. माझ्या पहिल्या मुखवट्याला ती गेली होती. शिकवणाऱ्या वयस्क कारागिराने काही न बोलता भेगेत ओल्या कापडाची चिंधी अंगठ्याने दाबून बसवली आणि मुखवटा उचलून सावलीत ठेवला. त्या अंगठ्याचा ठसा आजही रंगाखाली दिसतो.

आकाराप्रमाणे मुखवट्यांचे तीन प्रकार मानतात. चेहऱ्यापुरता तो ‘मुख मुखा’. डोके आणि धड वेगळे असून एकमेकांत लटकलेले असतात तो ‘लोटोकाई मुखा’, ज्यात हालचालीला मोकळीक मिळते. आणि संपूर्ण देह झाकणारा, दहा-बारा फुटांपर्यंत जाणारा तो ‘बर मुखा’. बोलताना ज्यांचा जबडा हलतो असे मुखवटेही सामागुरीत तयार होतात आणि मुलांना तेच सर्वांत आवडतात. दाढ्या-मिशा आणि केसांसाठी ताग, तसेच वाळवलेली जलपर्णी वापरतात. जी जलपर्णी आपल्याकडे पंचगंगेत यंत्रे लावून काढावी लागते, तिचीच तेथे राक्षसाची जटा होते.

रंगांची हकीकत आपल्याला वर्गात सांगण्यासारखी आहे. पारंपरिक रंग हेंगूल आणि हाइताल, म्हणजेच आपले हिंगूळ आणि हरताळ. पहिला लाल, दुसरा पिवळा. पहिल्यात पारा, दुसऱ्यात सोमल. हाच हरताळ सत्रांमध्ये सांचीपातांवर, म्हणजे अगरूच्या सालीपासून केलेल्या पोथीच्या पानांवर, कीड लागू नये म्हणून लावीत. मराठीत एखाद्या गोष्टीला ‘हरताळ फासला’ असे आपण म्हणतो त्याच्या मुळाशीही पोथीच आहे. चुकलेले अक्षर हरताळाने झाकून टाकीत. माजुलीला पोथी जपणारा हरताळ आणि आपल्याकडे अक्षर पुसणारा हरताळ अशी ही एकाच खनिजाची दोन कामे. आज बहुतेक कारागीर बाजारातले रंगही वापरतात आणि मुलांच्या हाती तेच द्यावेत. हिंगूळ-हरताळ ही विषे आहेत, त्यांना मुलांनी हात लावू नये.

म्हणून कार्यशाळेचा माझा सल्ला असा. एकाच कारागिराकडे सलग तीन दिवस, रोज सकाळी दोन-अडीच तास बसण्याचे आधी कळवून ठरवावे. पहिल्या सकाळी फक्त विणावे, आणि ते जमणार नाही हे गृहीत धरावे. सात वर्षांच्या मुलाची बोटे बहुधा आपल्यापेक्षा लवकर वळतील. त्याच दुपारी मातीची राड कालवणे आणि पहिले कापड. दुसऱ्या सकाळी शेणमातीचे काम, तिसऱ्या सकाळी घोटाई. रंगवण्याचा आग्रह तेथे धरू नये. पैसे ठरवताना मुखवट्याची किंमत विचारू नये, शिकवण्याच्या दिवसांचे मानधन विचारावे आणि ते घासाघीस न करता द्यावे. पौर्णिमेच्या अगदी आदल्या दोन दिवसांत मात्र आयत्या वेळी आलेल्यांना शिकवायला कोणालाही वेळ नसतो, कारण गावोगावचे मंच जुने मुखवटे दुरुस्तीला आणतात. त्या वेळी जाऊन नुसते बसावे. फाटलेला जबडा, तुटलेली चोच, उंदराने कुरतडलेला पूतनेचा कान हे सगळे ओळीने पडलेले असते आणि मुखवटा आतून कसा आहे हे नव्या मुखवट्यापेक्षा मोडलेल्यात अधिक कळते.

‘सर्वांत चांगला रास कोणता’ या प्रश्नाला तेथे कोणी उत्तर देणार नाही, कारण ज्याला विचाराल तो स्वतःच्या गावचे नाव सांगेल. बेटावर पौर्णिमेला मोठ्या संख्येने मंच उभे राहतात आणि ते एकाच प्रकारचे नसतात. दक्षिणपाट सत्रात यादवरायाच्या मूर्तीची उपासना आहे आणि तेथील रासाला देवळातील उत्सवाचे रूप आहे. तेथे प्रेक्षकापेक्षा भाविक म्हणून उभे राहावे. उत्तर कमलाबाडीसारख्या उदासीन, म्हणजे अविवाहित भक्तांच्या सत्रात गोपींसह सर्व भूमिका पुरुषच करतात. लहानपणी सत्रात आलेली मुले वर्षानुवर्षे जो नाच शिकतात तो सत्रिय नृत्य या नावाने २००० साली शास्त्रीय नृत्यांच्या पंक्तीत बसला. येथे पाऊल आणि हस्त इतके नेमके असतात, की नृत्य न समजणाऱ्यालाही रेघ कळते. आपल्यासारख्या चित्रकाराने वही घेऊन जावे ते येथे. तिसरा प्रकार गडमूर आणि इतर गावांच्या खुल्या मंचांचा. कृष्णजन्मापासून कंसवधापर्यंतचे प्रसंग, स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांकडे, ध्वनिक्षेपक, रंगीत दिवे, धूर, दोरीवरून उतरणारा असुर. काही ठिकाणी खुर्चीचे तिकीटही असते.

जाणकार मंडळी या तिसऱ्या प्रकाराकडे नाक मुरडतात. मला ते पटत नाही. शंकरदेवांनी रासावर ‘केलिगोपाल’ हे अंकीया नाट लिहिले ते ब्रजावलीत, मैथिली आणि असमिया यांच्या मिश्र बोलीत, म्हणजे भाषेच्या बाबतीत ते स्वतः सोवळे पाळत बसले नाहीत. आणि कोकणात कार्तिकानंतर दशावतारी खेळांचा हंगाम सुरू होतो तेव्हा आपणही ट्यूबलाइटच्या उजेडात संकासुराला पाहतोच. गावच्या मंचावर बालकृष्ण, किशोर कृष्ण आणि तरुण कृष्ण अशी वेगवेगळी मुले असतात. त्यांनी त्या दिवसांत व्रत पाळलेले असते आणि वेश चढला की मंडळी त्यांच्या पाया पडतात. एकदा रात्री एकच्या सुमारास मंचामागे मी एका सात-आठ वर्षांच्या कृष्णाला आईच्या मांडीवर डोके ठेवून झोपलेला पाहिला. मोरपीस मोडू नये म्हणून आईने ते हातात धरले होते. एक आजी आल्या, झोपलेल्या पायांना त्यांनी हात लावून नमस्कार केला, एक केळे ठेवले आणि पुढच्या रांगेत जाऊन बसल्या. आपली मुले त्याच वयाची आहेत. त्यांना हे दाखवावे. संपूर्ण रात्र जागण्याचा हट्ट मात्र करू नये. एका रात्री उत्तर कमलाबाडी, दुसऱ्या रात्री मुक्कामाच्या जवळचा गावचा मंच, आणि मुले पेंगू लागली की घरी. एका रात्रीत चार मंच पालथे घालणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्याकडे चार मंचांचे पार्किंग पाहिल्याच्या आठवणी असतात.

सत्रात वागण्याचे काही नियम कोठे लिहिलेले नसतात. नामघरात जाताना पादत्राणे बाहेर काढावीत, खाली चटईवर बसावे, गुरुआसनाकडे पाय करू नयेत आणि मणिकूटाकडे जाऊ नये. पुष्कळ नामघरांत मूर्ती नसते, आसनावर भागवताची पोथी असते. ज्ञानेश्वरीची पारायणे पाहिलेल्या घरातील मुलांना हे लगेच उमजते. तेथे झांजांना ‘ताल’ म्हणतात आणि आपल्याकडे ‘टाळ’, हेही मुलांनीच मला एकदा दाखवून दिले. उदासीन भक्त सोवळे पाळतात. त्यांना हात लावू नये, त्यांच्या राहत्या ओळीत विचारल्याशिवाय शिरू नये. प्रसाद म्हणून भिजवलेले हरभरे व मूग, आले, खोबरे असे ‘माह-प्रसाद’ मिळतो, तो नाकारू नये. छायाचित्रे विचारून काढावीत, फ्लॅश कधीही नको. प्रयोगाच्या वेळी दूरध्वनी उंच धरून चित्रफीत काढल्याने मागच्या आजींना दिसत नाही, आणि हा रास मुळात त्यांच्यासाठी आहे.

जेवणाविषयी एवढेच, की बेटावर मासे रोजचे आहेत. आपण शाकाहारी असाल तर घरमालकांना आदल्या दिवशी सांगावे. सकाळी चिरा, दही आणि गूळ यांचे ‘जलपान’ मिळते. ते दहीपोहेच आहेत असे मुलांना सांगावे, ती निमूट खातील.

रविवारी दुपारी कोणी बाजाराला चला म्हटले तरी जाऊ नका; सालमोराला जावे. बेटाच्या आग्नेय टोकाकडचे हे कुंभारांचे गाव. येथील कुंभार चाक वापरत नाहीत. नदीकाठी खोल खणून चिकट माती काढतात. स्त्रिया ती हातांनी आणि लाकडी थापटण्याने घडवतात, पुरुष भट्टी लावतात आणि जळण म्हणून ब्रह्मपुत्रेतून वाहत आलेली लाकडे वापरतात. भाजलेली मडकी नावेत भरून नदीकाठच्या गावांत न्यायची आणि बदल्यात भात घ्यायचा, असा हा जुना व्यवहार. चाकाशिवाय भांडे इतके गोल कसे होते हे पाहायचे असेल, तर भांड्याकडे पाहू नये, बाईच्या पायांकडे पाहावे. कित्येकदा भांडे जागच्या जागी असते आणि तीच त्याच्याभोवती फिरत असते. ही माती ज्या काठातून निघते तो काठ दर पावसाळ्यात खचतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुमारे ८८० चौरस किलोमीटर असलेले बेट २०१४ सालच्या मोजणीत सुमारे ३५२ चौरस किलोमीटर उरले, आणि अनेक सत्रे केव्हाच पलीकडच्या काठाला गेली. मी गेल्या चौदा वर्षांत रासाचा एक मंच तीन वेगवेगळ्या शेतांत पाहिला आहे. मंचवाल्यांना त्याचे विशेष काही वाटत नाही. बांबू उपटायचे, पुढच्या शेतात रोवायचे.

परतताना पहाटेच्या धुक्याने पहिल्या फेऱ्या खोळंबतात, तेव्हा जोरहाटहून पुढची गाडी किंवा विमान दुपारनंतरचेच ठेवावे. मुखवटे हलके असतात, पण बोटीत आणि बसमध्ये ते पिशवीत न ठेवता आत जुनी वर्तमानपत्रे कोंबून खोक्यात ठेवावेत आणि विमानात हातासोबत न्यावेत. सांगलीला पोचल्यावर लगेच रंगवू नका. तीन सकाळींत केलेल्या मुखवट्यात ओल राहिलेली असते, त्यामुळे आठवडाभर सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी टांगून ठेवावा. भेग गेलीच तर कापडाची चिंधी मातीच्या राडीत भिजवून अंगठ्याने दाबावी, पुन्हा वाळवावे आणि मगच रंगाला हात घालावा. गावातल्या बुरुडाकडून कामट्या काढून घेतल्या, तर पुढचे मुखवटे वर्गातच विणता येतील.